अखंड यादीतली आई

घरासाठी जनरेटर निवडायला पंकज डाखोरेला हा तिसरा रविवार लागला होता. जेवणाच्या टेबलावर माहितीपत्रकं पसरली होती, बायको पल्लवी समोर वही घेऊन बसली होती, आणि पंकजची आई चंद्रकलाबाई नाकाला प्राणवायूची नळी लावून कोपऱ्यातल्या खुर्चीतून हा सोहळा पाहत होत्या. पल्लवीला पाहायला गेला तेव्हा पंकजने चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला होता. जनरेटरच्या बाबतीत मात्र तो भलताच चोखंदळ झाला होता.

"डिझेलवाला बाद," पंकज म्हणाला. "शहरात धुराला बंदी आहे. मोठी बॅटरी घ्यावी तर सत्तेचाळीस डिग्रीत ती फुगते. तिच्याच खोलीला एसी लावावा लागतो."

"म्हणजे आपण घामाघूम आणि बॅटरी एसीत," पल्लवी म्हणाली. "गच्चीवर सोलर?"

"गच्ची सोसायटीची आहे. मागच्या वर्षी तू पापड वाळवले तर मीटिंग बसली होती. आठवते ना?"

"मग हायड्रोजनवाला."

"त्याचं सिलिंडर भरायला अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागते."

नागपुरात एप्रिल लागला की दुपारी एक ते पाच वीज जायची. दर उन्हाळ्यात जायची, आणि दर उन्हाळ्यात सरकार म्हणायचं की पुढच्या वर्षी जाणार नाही. पल्लवीचा घरून केक करून विकण्याचा धंदा होता. दोन मोठे फ्रीझर, त्यात सदान्‌कदा कुणाच्या तरी वाढदिवसाचं क्रीम. चार तास वीज गेली की त्या क्रीमचं ताक व्हायचं.

"आमी कांडप चालवत होतो तवा लाईट गेली की खलबत्ता घेऊन बसत होतो," चंद्रकलाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "तुमच्या केकले खलबत्ता नाही चालत का वं?"

पल्लवीने वहीतून डोकं वर काढलं नाही. इतवारीत सव्वीस वर्षं मिरची कांडून देणाऱ्या या बाईच्या जिवावर पंकज आणि त्याचा धाकटा भाऊ स्वप्नील, दोघंही इंजिनिअर झाले होते. मिरचीचा तो सगळा खकाणा त्यांच्या छातीत जाऊन बसला होता, आणि म्हणून परवाच्या बुधवारी डॉक्टरांनी हे प्राणवायूचं यंत्र घरी लावायला सांगितलं होतं. यंत्र हवेतून प्राणवायू वेगळा काढायचं आणि नळीतून नाकाशी सोडायचं; वीज गेली की तेवढा वेळ छोटं सिलिंडर लावावं लागायचं. आवाज बारीक होता, पण चोवीस तासांचा. पल्लवीचं डोकं दुखत होतं.

बरोबर एकला वीज गेली. समोरच्या इमारतीतले पंखे थांबले, लिफ्टमध्ये कुणीतरी अडकून बोंब मारायला लागलं, वरच्या मजल्यावरचे कडूकाका "आली रे आली अवदसा" म्हणून ओरडले. डाखोऱ्यांच्या घरातला पंखा मात्र फिरतच राहिला. एसीही चालू. फ्रीझरही चालू. पंकजने वर पाहिलं, खाली पाहिलं, मग उठून फ्रीझरला हात लावून पाहिला.

तेवढ्यात त्याच्या फोनवर निरोप आला. वाटप केंद्राचा होता: 'आपल्या घरी जीवरक्षक यंत्र आढळले आहे. आपले घर आजपासून अखंड यादीत समाविष्ट करण्यात येत आहे. आपला वीजपुरवठा खंडित होणार नाही.'

पंकजने तो दोनदा वाचला. मग त्याने माहितीपत्रकं गोळा केली, नीट एकावर एक ठेवली आणि रद्दीत टाकली.

ही काय भानगड होती ते सांगायला हवं. पूर्वी वीज कमी पडली की अख्ख्या भागाची जायची. आमदार आणि अंगठेबहाद्दर एकाच अंधारात बसायचे. आता प्रत्येक मीटरला स्वतःचा खटका होता आणि तो दूरवरच्या वाटप केंद्रातून पाडता येत होता. म्हणजे कुणाची वीज घालवायची हे घरागणिक ठरवता येत होतं. ठरवायचं कसं, तर मीटरलाच विचारून. कुठलंही उपकरण वीज ओढतं ते आपापल्या ढंगाने. फ्रीझर सुरू होताना मोठा घोट घेतो आणि मग सावकाश पितो, मिक्सर धापा टाकतो, पंखा एका लयीत चालतो. जिन्यावरच्या पावलांवरून घरातल्यांना कोण आलं ते ओळखू येतं, तसं मीटरला तारेतल्या या हालचालीवरून कळायचं की घरात काय काय चालू आहे. त्यात माणसाला जगवणारं यंत्र दिसलं की ते घर अखंड यादीत जायचं. ज्याने कुणी हा नियम केला त्याच्या मनात पाप नव्हतं. माणूस मरू नये एवढंच त्याला वाटलं होतं.

त्या संध्याकाळी पल्लवीने बदामाचा शिरा केला आणि चंद्रकलाबाईंना स्वतः वाढला.

"आई, आवाजाचं मनावर घेऊ नका हं," ती म्हणाली. "मला सवय झाली त्याची."

चार दिवसांत सवय होते हे चंद्रकलाबाईंना नवीन होतं. पण शिरा चांगला झाला होता, आणि आजारी माणसाने फार खोलात शिरू नये.

*

डाखोऱ्यांकडे आईची वाटणी होती. नवरा गेला त्याच्या तेराव्याला, पानं उठल्यावर, दोघा भावांनी ठरवलं: दसऱ्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत आई थोरल्याकडे मानेवाड्याला, अक्षय तृतीयेपासून दसऱ्यापर्यंत धाकट्याकडे गोधनीला. गेली सहा वर्षं हा क्रम चालला होता, पण ओढूनताणून. अक्षय तृतीया जवळ आली की स्वप्नीलच्या घराला रंग लागायचा, किंवा त्याची बायको मोनाली हिच्या ऑफिसचं काही निघायचं, किंवा नळाचं पाणीच जायचं. "दादा, पंधरा दिवस अजून ठेव ना आईला." मग दादा चिडायचा, चंद्रकलाबाईंची बॅग दारात भरून तयार असायची, आणि त्या स्वतः बॅगेशेजारी बसून असायच्या. आपल्याच पोरांच्या दारात बसून राहण्याची शरम वाटते, ती त्यांना सहा वर्षं वाटत आली होती.

यंदा स्वप्नील मोनालीला घेऊन आठ दिवस आधीच आला. गाडीच्या मागच्या सीटवर त्याने नवी मऊ गादी टाकून आणली होती.

"आईला न्यायला आलो," तो दारातच म्हणाला.

"अजून तीज कुठे आली?" पंकज म्हणाला.

"तीज येऊन राहिलीच आहे. आईची तब्येत बरी नाही. मला वाटलं लवकर न्यावं."

"तब्येत बरी नाही म्हणूनच मी म्हणतो यंदा इथेच राहू दे. जागा बदलली की तिला त्रास होते."

चंद्रकलाबाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. बाहेर आवाज चढत गेले. आई माझी आहे, माझीपण आहे, सहा वर्षं काय केलं तू, तू काय केलं ते सांगू का. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा दोघं पोरं त्यांना ठेवून घेण्यासाठी भांडत होती. त्यांचा ऊर भरून आला. त्या पलंगावर बसल्या बसल्या रडल्या, आणि नळीत पाणी गेलं म्हणून त्यांनी ती पुसली. दुखण्याने का होईना, पोरं वळणावर आली, असं त्यांना वाटलं. कधी नव्हे ते त्यांनी देवाचे आभारही मानले.

मग मोनालीचा आवाज आला. तिला आवाज खाली ठेवून बोलायची सवयच नव्हती.

"वा वहिनी! उन्हाळाभर त्या तुमच्याकडे आणि पावसाळ्यात आमच्याकडे? पावसाळ्यात लाईट जाते कुठे? तेव्हा काय उपयोग त्यांचा?"

बाहेर एकदम शांत झालं. बहुतेक कुणीतरी तिला आतल्या खोलीकडे बोट दाखवलं असावं.

चंद्रकलाबाई नळीसकट उठल्या आणि यंत्राची चाकं ढकलत दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. आताच आपण देवाचे आभार मानले याची.

"म्हणजे मी आई नाही, जनरेटर हाओ," त्या म्हणाल्या. "मले आधी सांगाचं होतं. मी तेलपाणी मागून घेतलं असतं."

शेवटी असं ठरलं की एक महिना इथे आणि एक महिना तिथे. वाटप केंद्राच्या अर्जात तशी दोन पत्त्यांची सोयही होती. म्हणजे असं करणारे डाखोरे एकटेच नव्हते.

*

चंद्रकलाबाई काही संत नव्हत्या. कांडपाच्या गिरणीवर गिऱ्हाइकांशी भांडून ज्यांची हयात गेली, त्यांना पडतं घेणं येत नाही. पोरांनी आपल्याला यंत्र केलं ना, मग यंत्राचे नखरे तरी सोसा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मे महिन्यात त्यांनी रोज काहीतरी मागितलं. सावजीचा रस्सा. मोठ्या आवाजात मालिका. पल्लवीला न विचारता इतवारीतल्या जुन्या दोन मैत्रिणी दुपारच्या जेवायला. अख्ख्या इमारतीत एसी फक्त डाखोऱ्यांकडे चालू, त्यामुळे मैत्रिणी चारपर्यंत हलायच्या नाहीत.

त्यातच नियम थोडा बदलला. अखंड यादीचा सुगावा लागल्यावर लोकांनी जुनीपुराणी प्राणवायूची यंत्रं विकत आणून रिकामीच चालू ठेवायला सुरुवात केली होती. तेव्हा वाटप केंद्राने श्वासनोंद आणली. नवीन यंत्र सरसकट प्राणवायू सोडत नाही. माणूस श्वास आत घेतो त्याच क्षणी त्यातली झडप उघडते. प्रत्येक उघडझापेला तारेतली वीज किंचित थरथरते, आणि तो थरथराट मीटरला कळतो. म्हणजे माणूस किती लवकर श्वास घेतो, कुठे थबकतो, कधी उसासा टाकतो, हे सगळं केंद्राला कळणार. दोन माणसांचा श्वास सारखा नसतो. एकदा नोंद झाली की यंत्राला कोण लागलेलं आहे ते ओळखता येत होतं, आणि कुणीच लागलेलं नसेल तर पंधरा मिनिटांत घर यादीतून बाहेर.

पंधरा मिनिटं. ही गोष्ट चंद्रकलाबाईंच्या पक्की ध्यानात राहिली.

एका दुपारी पल्लवीने मैत्रिणींना आत घेतलं नाही. आई झोपल्या आहेत असं सांगून दारातूनच परत पाठवलं. चंद्रकलाबाई जाग्या होत्या, आणि त्यांनी ते ऐकलं. त्यांनी नाकातली नळी काढून उशीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या. धाप लागायला लागली, ओठ कोरडे पडले, पण त्या हटल्या नाहीत. पंधरा मिनिटांनी पंखा थांबला. पाचपर्यंत त्या छोट्या सिलिंडरवर राहिल्या; पुन्हा नळी लावली तरी घर यादीत यायला दुसरा दिवस उजाडावा लागायचा. त्या दिवशी पल्लवीकडे एका लग्नाचा पाच मजली केक होता. संध्याकाळी लग्नघरचे लोक आले तेव्हा पाचांपैकी दोन मजले खालच्या तिन्हींत मिसळले होते.

पल्लवी रडली. ती खोटं रडत नव्हती. तिची आठ दिवसांची मेहनत होती ती. चंद्रकलाबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. तिथे त्यांचं चुकलं.

"आई, तू हे मुद्दाम केलं?" पंकजने विचारलं.

"मशीन बिघडते कधी कधी," त्या म्हणाल्या. "जनरेटर घेताना पाहून घ्याचा असते."

पंकजने मान हलवली आणि तो गॅलरीत जाऊन बराच वेळ फोनवर बोलत बसला. स्वप्नीलशी. सहा वर्षांत दोघं भाऊ एवढा वेळ एकमेकांशी बोलले नव्हते.

*

त्यानंतरचे पंधरा दिवस चंद्रकलाबाईंच्या म्हातारपणातले सगळ्यात सुखाचे गेले. पंकजने यंत्राच्या मागे एक काळी डबी जोडली. डॉक्टरांनी सांगितलं आहे, म्हणाला, पंधरा दिवस श्वासाची तपासणी करायची आहे, नवीन औषध ठरवायचं आहे. आणि रोज ऑफिसमधून आल्यावर तो त्यांच्याजवळ बसायला लागला.

"चल, गॅलरीपर्यंत चाल थोडी. डॉक्टर म्हणाले चालताना कसा श्वास येते तेही पाहिजे."

त्या चालल्या. त्या खाली बसल्या, उठल्या, डबीजवळ झोपल्या. तो जुन्या गोष्टी काढायचा. भिवापुरी मिरचीचं पोतं फुटून अख्खी गल्ली शिंकत बसली होती ती गोष्ट, आणि त्याच शिंकांत शेजारची मुलगी पाहायला आलेले पाहुणे बसले होते ती. चंद्रकलाबाई हसून हसून खोकल्या. एका संध्याकाळी नवऱ्याची आठवण निघाली आणि त्यांचे डोळे भरले, तर पंकज गडबडीने म्हणाला, "रडू नको आई, नोंद बिघडते." त्यांना त्यातही मायाच दिसली. स्वप्नीलही दोनदा येऊन गेला. दोघं भाऊ आईच्या पायाशी बसून चहा प्यायले.

चंद्रकलाबाईंना खरी गोष्ट फार उशिरा कळली, पण वाचकाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. ती डबी डॉक्टरांची नव्हती. बाजारात अशा डब्या चोरून मिळायला लागल्या होत्या. माणसाचा पंधरा दिवसांचा श्वास ती साठवून घ्यायची. बसल्याचा, चालल्याचा, झोपेतला, हसतानाचा. मग झडपेच्या कुठल्याही यंत्राला ती जोडली की त्याची झडप त्याच लयीत उघडायची आणि मिटायची. नळीच्या टोकाला कुणी असो वा नसो. मीटरला वाटायचं, चंद्रकला डाखोरे श्वास घेत आहे. ही डबी रुसत नव्हती आणि तिला मैत्रिणीही नव्हत्या.

घरासाठी कोणता जनरेटर घ्यावा हा प्रश्न असा सुटला. डबी एक, घरं दोन. एक महिना मानेवाडा, एक महिना गोधनी. तिची ने-आण डिकीतून करता येत होती.

गरज सरो, वैद्य मरो. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लांबला होता तेव्हा, दोघं मुलगे आईला काटोल रोडवरच्या 'आनंदघर' नावाच्या वृद्धाश्रमात घेऊन गेले.

"थोडे दिवस, आई," स्वप्नील म्हणाला. "इथली हवा चांगली आहे. झाडं पाह्य किती आहेत."

"झाडं तं गोधनीलेही हायेत," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

निघताना पंकजने आश्रमाच्या व्यवस्थापक मेश्रामबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की आईची श्वासनोंद वगैरे काही करू नका, ते आम्ही पाहून घेऊ. मेश्रामबाईंनी बरं म्हटलं. त्या नर्स म्हणून निवृत्त झालेल्या होत्या, आणि पेशंटचे नातेवाईक 'आम्ही पाहून घेऊ' म्हणाले की पुढे काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

*

आनंदघरात प्रत्येकाला वेगळी खोली आणि खोलीगणिक वेगळं मीटर होतं. नोंद नसलेल्या यंत्राला केंद्राकडून दोन दिवसांची मुदत मिळायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता नऊ नंबरच्या खोलीतली वीज गेली. चंद्रकलाबाईंचं यंत्र थांबलं. मेश्रामबाई धावत आल्या, त्यांनी छोटं सिलिंडर लावलं, तोंडावर पाण्याचा हात फिरवला आणि पहिलं काम काय केलं, तर श्वासनोंदीचा अर्ज भरून पाठवला. नाव चंद्रकला डाखोरे, वय पंचाहत्तर.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. या नावाची नोंद मानेवाडा येथील पत्त्यावर चालू आहे. आपल्या खोलीतील श्वास त्या नोंदीशी जुळत नाही. सबब आपला अर्ज नामंजूर.

मेश्रामबाईंनी केंद्राला फोन करून असा काही तोंडाचा पट्टा सोडला की तिसऱ्या दिवशी तिथून एक बाई तपासणीला आली. ठवकर मॅडम, इंजिनिअर, पस्तिशीची. तिने मीटर तपासलं, यंत्र तपासलं, बरोबरच्या पडद्यावर काहीतरी जुळवून पाहिलं. मग खुर्ची ओढून पलंगाजवळ बसली. चंद्रकलाबाई सिलिंडरवर होत्या. खोलीत उकडत होतं.

"आजी, तुम्ही खऱ्या आहात हे मला दिसतंय," ती म्हणाली. "पण केंद्राकडे दोन चंद्रकला डाखोरे आहेत. तिथल्या श्वासाचे गुण शंभरपैकी शंभर आले. तुमचे एकसष्ट."

"मी पेपर देला काय?"

"जुन्या नोंदीशी किती जुळतो ते पाहतात. तुमचा श्वास बदललाय. मधे मधे अडखळतो, उसासे आहेत. नोंदीत तसं काही नाही. सत्तरच्या खाली गुण आले की यंत्र म्हणतं, हा माणूस वेगळा."

"मानेवाड्याले कोण श्वास घेऊन राहिलं मग?"

ठवकर मॅडमने त्यांना डबीबद्दल सांगितलं. आपण अशा चौदा पकडल्यात असंही सांगितलं. चंद्रकलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गॅलरीपर्यंत चालवणं, शिंकणाऱ्या पाहुण्यांची गोष्ट, नोंद बिघडते म्हणून रडू नको. एकेक करून ते पंधरा दिवस त्यांच्या हातून गेले. दुःखं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, पण दिलेलं सुख कुणी असं परत नेलं नव्हतं.

"फोन लावा त्याले," त्या म्हणाल्या. "मी इथं हाओ ते नका सांगू. नुसतं इचारा."

ठवकर मॅडमने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"वाटप केंद्रातून बोलते. चंद्रकला डाखोरे आपल्या कोण?"

"आई," पंकजचा आवाज आला.

"त्या आत्ता कुठे आहेत?"

जरासा वेळ गेला. चंद्रकलाबाई फोनकडे बघत होत्या. तेवढ्या वेळात त्यांनी खरोखर आशा केली.

"घरीच आहे ना मॅडम. कुठे जाईल या वयात?"

"बोलता येईल त्यांच्याशी?"

"आत्ताच डोळा लागला तिचा. थांबा, मशीनचा आवाज ऐकवतो."

पावलं वाजली, दार उघडलं. मग फोनमधून आवाज यायला लागला. खट्, फुस्स. खट्, फुस्स. मधेच दोन लागोपाठ, मग लांबलचक एक. चंद्रकलाबाईंना तो ओळखू आला. त्या हसल्या होत्या तेव्हाचा होता. मानेवाड्याच्या आतल्या खोलीत, त्यांच्याच पलंगावर, नळीतून रिकाम्या उशीवर प्राणवायू पडत होता आणि त्यांचा मुलगा शेजारी फोन धरून उभा होता.

"ऐकू आलं?" पंकज म्हणाला. "शांत झोपली आहे. दुपारी उठवलं की तिला त्रास होते. आम्ही फार जपतो मॅडम तिला."

ठवकर मॅडमने फोन बंद केला. तिला चंद्रकलाबाईंकडे बघवेना. बॅगेतून तिने एक कागद काढला.

"इथे सही करा आजी. बाकीचं मी बघते. आजच तिथे पथक जाईल. दोन्ही घरांची वीज दोन वर्षांसाठी तुटेल, आणि गुन्हा दाखल होईल. तुम्हाला तुमची नोंद परत मिळेल."

"करा सही," दारातून मेश्रामबाई म्हणाल्या. "असल्या पोरांची कसली गय करता?"

चंद्रकलाबाईंनी कागद हातात घेतला. पोरांची दया आली म्हणावं, तर तसं नव्हतं. दोघांना हातकड्या घातलेलं पाहायची त्यांची त्या क्षणी तयारी होती. पण सही केली की काय होईल ते त्यांना दिसत होतं. पथक जाईल, डबी जप्त होईल, आणि दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ गादी टाकलेली गाडी घेऊन काटोल रोडला हजर. चल आई, चुकलं आमचं. कारण आता डबी नसेल, आणि खरी आई घरात असली तर तुटलेली वीजही परत जोडून मिळेल. पुन्हा मानेवाडा, पुन्हा गोधनी, पुन्हा शिरा.

त्यांनी कागद परत दिला.

"किती गुण म्हणल्या माझे?"

"एकसष्ट."

"अन् सत्तरच्या खाली?"

"यंत्राच्या लेखी माणूस वेगळा."

"मंग यंत्र बरोबर सांगून राहिलं. मी ते नोहो. वेगळ्या माणसाचा कागद असंल तर काढा."

ठवकर मॅडमने मेश्रामबाईंकडे पाहिलं. तसा कागद होता. रस्त्यावरून उचलून आणलेली, कागदपत्रं नसलेली माणसं असतात, त्यांच्यासाठी निराधारांचा अर्ज होता. त्यावर तात्पुरती नोंद त्याच दिवशी मिळायची.

"आजी, हे खोटं होईल."

"खरं लिहिलं तं लाईट देत नाही तुमी. आता खोटं लिहून पाहा."

ठवकर मॅडमने पेनाचं टोपण काढलं.

"नाव?"

"चंद्रकला नथ्थूजी बावनकर." ते त्यांच्या माहेरचं नाव होतं. पंचावन्न वर्षांत त्यांनी ते कुठे लिहिलं नव्हतं.

"पती?"

"वारले."

"मुलं?"

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं. ती भरून वाहायला लागली.

"नाही," चंद्रकलाबाई म्हणाल्या.

पेन थांबलं. "आजी, एकदा लिहिलं की..."

"लिहा."

तिने लिहिलं. शेवटचा रकाना होता, काही बरंवाईट झाल्यास कुणाला कळवायचं त्याचा. तो तिने मोठ्याने वाचून दाखवला नाही; नुसतं बोट ठेवलं. चंद्रकलाबाईंनी चष्मा लावून तो स्वतः वाचला.

"कोणालेच नाही," त्या म्हणाल्या. "अन् मानेवाड्याले तं अजिबातच नका कळवू. त्यायची माय जित्ती हाये तिथं. झोपली हाये शांत. कायले उगी घाबरवता पोरायले?"

मेश्रामबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या. ठवकर मॅडमने अर्ज पाठवला, उठून मीटरपाशी गेली आणि पडद्यावर होकार यायची वाट पाहत उभी राहिली. पाच-सात मिनिटांनी पंखा फिरायला लागला. तिने सिलिंडरची नळी काढून यंत्राची नळी चंद्रकलाबाईंच्या नाकाशी नीट बसवली.

"आता दहा मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या, आजी," ती म्हणाली. "रडू आलं तरी चालेल. या नोंदीत तेही येऊ दे."

चंद्रकलाबाईंना रडू आलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घ्यायला सुरुवात केली.